कोर्लईचा किल्ला : चौल बंदराचा पहारेकरी

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे दक्षिण तीरावर एक लांबट, अरुंद डोंगर थेट पाण्यात शिरलेला आहे. या डोंगराच्या माथ्यावर कोर्लईचा किल्ला उभा आहे. समोर खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंडा हे गाव असून त्याच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्यांत चौल वसलेले आहे. आज ही शांत खेडी वाटतात. परंतु सोळाव्या शतकात येथे पश्चिम किनाऱ्यावरील एक मोठे बंदर-शहर नांदत होते, आणि त्या शहराच्या मुखाशी पहारा देण्याचे काम या डोंगराकडे होते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाविषयी बोलताना वसईच्या किल्ल्याचे नाव प्रथम निघते, व ते योग्यच आहे. कोर्लईचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. वसईच्या तुलनेत हा किल्ला लहान, त्याची देवळे पडकी, आणि त्याच्या पायथ्याशी राहणारा कॅथलिक समाज जेमतेम एका गावापुरता आहे. तरीही या गावाने जे जपले आहे, ते भारतात इतरत्र फार थोड्या ठिकाणी सापडते. त्याचा वृत्तांत पुढे येईलच. तत्पूर्वी बंदर, शहर व किल्ला यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी अशा जंगलपट्ट्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांस समुद्र दूरचा. परंतु किल्ले अपरिचित नाहीत. वर्धा नदीकाठचा बल्लारपूरचा किल्ला आणि जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर या चार दरवाजांचा चांद्याचा परकोट आपण पाहिलेला असतो. गोंड राजांनी बांधलेला हा परकोट शहरास चहूबाजूंनी कवेत घेतो. त्याच्या आत शहर, बाहेर शत्रू आणि इरई-झरपट नद्यांचे पूर, अशी ती रचना आहे. कोर्लईची रचना याहून वेगळी आहे. येथे शहर एका तीरावर, किल्ला दुसऱ्या तीरावर आणि मध्ये पाणी. किल्ल्याच्या भिंतींनी शहरास वेढलेले नाही. तोफांच्या टप्प्यात मात्र शहरात येणारे प्रत्येक गलबत आहे. त्यामुळे हा डोंगर मित्राच्या हाती असेल तर शहर सुरक्षित, शत्रूच्या हाती गेला तर शहराचा गळा आवळला गेला, असा येथील हिशेब होता. कोर्लईच्या इतिहासातील बहुतेक घटना या एका गोष्टीतून उलगडतात.

प्राचीन बंदर

चौल हे पोर्तुगीजांनी वसविलेले नगर नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत चेमुल या नावाने त्याचा उल्लेख येतो. ग्रीक-रोमन जगातील नाविक व भूगोलकार त्यास सिमुल्ला अशा नावाने ओळखत. अरब लेखकांनी त्यास सैमूर म्हटले. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी हा प्रवासी येथे आला, तेव्हा सुमारे दहा हजार मुसलमान येथे स्थायिक झालेले होते व त्यांच्या व्यवहारांसाठी राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला होता, असे त्याने नमूद केले आहे. त्या काळी येथे शिलाहारांचे राज्य होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा विकण्याच्या आशेने हिंदुस्थानात आला, तोही प्रथम चौलासच उतरला. घोडे, रेशीम, सुती कापड, मसाले व धान्य यांची ने-आण येथून होत असे.

हिंदुस्थानात घोड्यांची निपज पुरेशी नव्हती; अरबस्तान व इराण येथून ते समुद्रमार्गे आणावे लागत. दख्खनच्या प्रत्येक सुलतानास घोडदळ हवे होते आणि म्हणून प्रत्येकास एक बंदर हवे होते. अहमदनगरच्या निजामशाहीचे ते बंदर म्हणजे चौल.

१५०८ ची लढाई

पोर्तुगीज चौलास स्थायिक होण्यापूर्वीच या खाडीने त्यांना एक जबर धडा दिला होता. १५०८ साली व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेडा यांचा तरुण पुत्र लोरेन्सो हा कोचीनच्या व्यापारी गलबतांच्या संरक्षणार्थ चौलाच्या खाडीत नांगर टाकून होता. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हुकमतीखाली तेथे येऊन थडकले. पाठोपाठ दीवचा सुभेदार मलिक अयाज आपल्या होड्या घेऊन आला. माघार घेताना लोरेन्सोचे जहाज खाडीत कोळ्यांनी जाळ्यांसाठी पुरलेल्या खुंटांत अडकले. जहाज हलेना, आणि तोफेच्या माऱ्यात लोरेन्सो ठार झाला. पुढील वर्षी, म्हणजे १५०९ साली, पित्याने दीवच्या समुद्रात या आरमाराचा पाडाव करून सूड घेतला, आणि हिंदी महासागरावरील पोर्तुगीज वर्चस्वाचा काळ त्या लढाईपासून मोजला जातो. जगाच्या इतिहासात दीवच्या लढाईस मोठे स्थान मिळाले आहे. तिची सुरुवात मात्र चौलाच्या कोळी बांधवांच्या त्या साध्या लाकडी खुंटांपाशी झाली, हे सहसा कोणी सांगत नाही.

खाडीच्या मुखावर ज्याचा ताबा नाही, त्याने आत नांगर टाकणे धोक्याचे, हे त्या दिवशी दिसून आले.

रेवदंड्याचे नगर

१५२१ साली बुऱ्हाण निजामशाह याने पोर्तुगीजांस खाडीच्या उत्तर तीरावर किल्ला बांधण्याची अनुमती दिली. त्याच्या मोबदल्यात त्यास समुद्रमार्गे घोडे आणण्याची मोकळीक हवी होती. अशा रीतीने एकाच बंदरात दोन शहरे निर्माण झाली. आतील बाजूस निजामशाहीचे जुने, वरचे चौल. आणि खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांचे खालचे चौल, म्हणजेच आजचे रेवदंडा. दोन्ही शहरांचा व्यापार एकमेकांवर अवलंबून होता, भांडणही एकमेकांशीच होते.

पुढील काही दशकांत रेवदंड्यात मुख्य देऊळ, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, येशूसंघीय व ऑगस्टिनियन धर्मबंधूंचे मठ आणि श्रीमंत व्यापाऱ्यांची घरे उभी राहिली. आज त्यांच्या भिंती माडांच्या वाडीत विखुरलेल्या आहेत. त्यांपैकी संत बार्बराच्या नावाचा उंच मनोरा दूरवरून दृष्टीस पडतो. गावकरी त्यास सातखणी म्हणतात. संत बार्बरा ही तोफखान्याची आश्रयदाती मानली जाते.

डोंगराचा प्रश्न

समोरचा कोर्लईचा डोंगर मात्र मोकळाच होता. पोर्तुगीज त्यास मोरो, म्हणजे समुद्रात घुसलेली टेकडी, असे म्हणत. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी तेथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. निजामशाहाने ती साफ नाकारली, आणि स्वतःच तेथे बांधकाम करण्याचा मनोदय दाखविला. दोन्ही पक्ष हातघाईवर आले. अखेर या डोंगरावर कोणीच तटबंदी करू नये, असा समझोता झाला. दोघांपैकी कोणासही दुसऱ्यावर विश्वास नव्हता. तरीही हा समझोता सुमारे तीन दशके टिकला. आमच्या मते त्या काळातील शहाणपणाच्या थोड्या निर्णयांत याची गणना व्हावी.

मधल्या काळात १५७०-७१ चा वेढा येऊन गेला. विजयनगरचा पाडाव झाल्यावर दख्खनच्या सुलतानांनी किनाऱ्याकडे दृष्टी वळविली. अली आदिलशाहाने गोव्यास आणि मूर्तझा निजामशाहाने चौलास एकाच वेळी वेढा घातला. कालिकतचा सामुरीही त्यांच्या बाजूस होता. चौलाच्या घरांभोवती तेव्हा पुरता तटही नव्हता. शहराबाहेरील मठ व घरे ही लढाईची ठाणी बनली आणि एकेक भिंत कित्येक आठवडे झुंजविली गेली. १५७१ च्या पावसाळ्यात तह होऊन वेढा उठला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युरोपात लेपांटोची सागरी लढाई झाली. जपमाळेच्या राणीचा सण ज्या लढाईच्या स्मरणार्थ सुरू झाला, ती हीच. वेढ्यानंतर पोर्तुगीजांनी रेवदंड्याभोवती भक्कम तट बांधून घेतला.

१५९४

दुसरा बुऱ्हाण निजामशाह गादीवर आल्यानंतर जुना समझोता मोडला. १५९२ च्या सुमारास त्याने कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधण्यास प्रारंभ केला आणि तेथून रेवदंड्यावर व बंदरात शिरणाऱ्या गलबतांवर तोफा डागल्या जाऊ लागल्या. कोर्लईचा किल्ला ‘पोर्तुगीजांनी बांधला’ असे अनेक माहितीपत्रकांत सरसकट लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. मूळ किल्ला निजामशाहीचा. पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि पुढे सतराव्या शतकात आपल्या पद्धतीने बांधून काढला.

१५९४ च्या सप्टेंबर महिन्यात गोवा, वसई व साष्टी भागांतून कुमक आल्यावर पोर्तुगीजांनी डोंगरावर हल्ला केला. त्यांच्या सैन्यात पोर्तुगीज शिपायांच्या जवळपास बरोबरीने एतद्देशीय शिपाई होते. एकामागून एक दरवाजे फोडून ते माथ्यापर्यंत पोहोचले, आणि त्यानंतर मोठी कत्तल झाली. पोर्तुगीज बखरकारांनी मृतांचे आकडे अभिमानाने हजारांत दिले आहेत. विजेत्यांनी दिलेले आकडे नेहमीच फुगलेले असतात. परंतु आकडा कोणताही धरला, तरी शरण आलेल्यांवरही दया झाली नाही, ही गोष्ट त्या वृत्तांतांतूनच स्पष्ट होते. किल्ल्याच्या बुरुजांस पुढे संतांची नावे देण्यात आली. ज्या संतांनी दीनदुबळ्यांची सेवा केली, त्यांची नावे तोफांच्या चौथऱ्यांवर कोरली गेली, याचा अभिमान बाळगावा असे आम्हांस वाटत नाही. आपल्याच धर्मबंधूंचा इतिहास म्हणून हा भाग झाकून ठेवणेही उचित नाही.

किल्ल्याची रचना

डोंगराची सोंड जशी अरुंद, तसाच किल्लाही. त्याची लांबी सुमारे ८६० मीटर, तर सरासरी रुंदी अवघी २७ मीटर आहे. इतक्या चिंचोळ्या जागी चौकोनी किल्ला बांधणे शक्यच नव्हते. म्हणून आडव्या भिंती घालून माथ्याचे भाग पाडले आहेत. शत्रू एका भागात शिरला, तरी पुढील भाग स्वतंत्रपणे लढविता यावा, हा त्यामागील हेतू. एकूण अकरा दरवाजे असून त्यांपैकी चार बाहेरचे व सात आतले आहेत. एक दरवाजा ओलांडावा, तर समोर दुसरा उभा. आणि दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत वरून मारा होणार, अशी योजना आहे.

माथ्यावर पाण्याचे टाके आणि एका देवळाच्या भिंती आहेत. देवळाचे छत केव्हाच गेले आहे. काही तोफा अद्याप बुरुजांवर पडून आहेत. उत्तरेकडे, खाडीच्या बाजूस, डोंगर उतरत पाण्याजवळ येतो, आणि तेथे पाण्यालगत तोफांचा एक चौथरा आहे. पोर्तुगीजांनी त्यास पवित्र क्रुसाचे नाव दिले होते. स्थानिक लोकांच्या तोंडी ती ‘क्रुसाची बातेरी’ झाली. आमच्या मते किल्ल्याचा खरा प्राण हाच. उंचावरील तोफेचा गोळा जहाजावर वरून पडतो. नेम चुकला तर तो पाण्यात जातो. पाण्याच्या पातळीवरील तोफेचा गोळा मात्र लाटांना समांतर जाऊन जहाजाच्या अंगावर आदळतो. मुखातून आत येणाऱ्या गलबतास प्रथम या बातेरीसमोरून जावे लागे.

शहराचा ऱ्हास

सतराव्या शतकात किल्ला पोर्तुगीजांच्याच हाती राहिला, परंतु ज्याचे रक्षण करावयाचे ते शहर हळूहळू रिकामे होत गेले. निजामशाही १६३६ साली संपुष्टात आली आणि चौलाच्या मागील बाजारपेठ विस्कटली. १६६१ च्या विवाह-करारानुसार मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळाले व १६६८ साली ते ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. मुंबईचे बंदर खोल व प्रशस्त होते. कंपनीने कारागिरांस व व्यापाऱ्यांस तेथे येऊन राहण्याचे प्रोत्साहन दिले. चौलाचे रेशीम विणणारे कारागीर मुंबईस जाऊन स्थायिक होऊ लागले. तोफांनी जे साधले नव्हते, ते मागावर बसणाऱ्या माणसांच्या स्थलांतराने साधले.

१६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलास वेढा घातला. तो यशस्वी झाला नाही, पण आसपासचा मुलूख उद्ध्वस्त झाला. पुढे अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून कान्होजी आंग्रे यांनी हा सर्व किनारा आपल्या धाकात ठेवला. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी चौलाचा तळ करून कुलाब्यावर संयुक्त स्वारी केली, ती फसली.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. कोर्लईकडे सुभानराव माणकर यांस पाठविण्यात आले होते. वसई गेल्यावर चौल राखणे पोर्तुगीजांस परवडणारे नव्हते. इंग्रजांच्या मध्यस्थीने झालेल्या १७४० च्या तहान्वये रेवदंडा व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले. बुरुजांस नवी नावे मिळाली. संत फ्रान्सिसच्या नावाचा बुरूज गणेश बुरूज म्हणून ओळखला जाऊ लागला. राम बुरूज, चौबुर्जी ही नावेही त्याच काळातली. १८१८ साली हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागून चांद्याचा परकोट फोडला होता, हे आपल्या भागातील वाचकांस ठाऊक आहेच. फरक इतकाच की, चांद्यास परकोटाच्या आत शहर जिवंत राहिले आणि आजही वाढते आहे. रेवदंड्याच्या तटाच्या आत मात्र माड उगवले.

मागे राहिलेली माणसे

१७४० साली पोर्तुगीज अधिकारी, शिपाई व सधन कुटुंबे गोव्याकडे निघून गेली. डोंगराच्या पायथ्याशी राहणारे गरीब ख्रिस्ती लोक कोठे जाणार? त्यांची शेते येथे, घरे येथे आणि आप्तही येथेच. किल्ल्यावर चाकरी करणारे, ओझी वाहणारे, शिपायांच्या घरी राबणारे, त्यांतील काही पूर्वी गुलामही असलेले, असे हे लोक होते. त्यांच्या घरांत एतद्देशीय स्त्रिया व पोर्तुगीज शिपाई यांच्या संबंधांतून जन्मलेली संततीही होती. राज्य गेले, धर्मगुरूंचे येणे विरळ झाले. तरी कार्मेल मातेच्या नावाने या लोकांची श्रद्धा टिकून राहिली. आजही कोर्लईचे धर्मग्राम कार्मेल मातेच्याच नावाचे आहे.

श्रद्धेबरोबर त्यांनी एक भाषाही टिकविली. तिला कोणी क्रिस्ती म्हणतात, तर बोलणारे स्वतः ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज मुळाचे आहेत. परंतु लिस्बनहून आलेल्या माणसास ती सहज उमगणार नाही, कारण वाक्याची घडण मराठी आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्ये येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे शेवटी येते. दोनशे-अडीचशे वर्षे मराठी शेजाऱ्यांबरोबर बाजारहाट करीत, सणवार पाहत, पेरणी-कापणी करीत ही बोली घडली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आतबाहेर आहे.

ही भाषा टिकली कशी? धर्म वेगळा असल्याने गावातील हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांशी सोयरीक होत नसे. दुसरे कारण सांगताना संकोच वाटतो, परंतु ते सांगितले पाहिजे. इतर ठिकाणच्या कॅथलिक कुटुंबांनीही जातीच्या विचाराने कोर्लईच्या लोकांशी विवाहसंबंध फारसे जोडले नाहीत. दोन्ही बाजूंनी दारे बंद झाल्यामुळे गाव आपल्यातच राहिले, आणि घरातील भाषा घरातच राहिली. जी गोष्ट आज अभ्यासकांना अमोल ठेवा वाटते, तिच्या मुळाशी अशी उपेक्षाही होती.

आता ती दारे उघडली आहेत. मुले मराठी व इंग्रजी शाळांत शिकतात, तरुण नोकरीसाठी मुंबईस जातात, लग्ने गावाबाहेर होतात. हे इष्टच आहे. मात्र त्यामुळे पुढच्या पिढीच्या तोंडून ही बोली ऐकू येईल की नाही, याची चिंता गावातील वडीलधाऱ्यांस वाटते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात गोंडी व माडिया बोलणाऱ्या कुटुंबांतही हाच प्रश्न उभा आहे. त्यांची मुले आश्रमशाळेत मराठी शिकतात आणि सुटीत घरी आल्यावर आजीशी बोलताना अडखळतात.

कोर्लईच्या लोकांस पुष्कळदा ‘पोर्तुगीजांचे वंशज’ म्हणून संबोधले जाते. पर्यटकांस त्यात कुतूहल वाटते. गावकऱ्यांपैकी अनेकांस ते रुचत नाही. ते शेतात भात व भाजी पिकवितात, रेवदंड्याच्या बाजारात ती विकतात आणि मराठीतून सर्व व्यवहार करतात. ते याच मातीतले आहेत.

भेट देऊ इच्छिणाऱ्यांसाठी

चंद्रपूर किंवा बल्लारपूरहून रेल्वेने मुंबई परिसरात यावे. तेथून पनवेल, पेणमार्गे रस्त्याने, अथवा मुंबईहून लाँचने मांडव्यास उतरून अलिबाग गाठता येते. अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौल व रेवदंडा लागते. खाडीवरील साळावचा पूल ओलांडल्यावर काही वेळातच कोर्लई येते. प्रथम रेवदंड्याचा तट व सातखणी मनोरा पाहून मग कोर्लईस जावे, म्हणजे शहर व किल्ला यांचे नाते समजते. किल्ल्याच्या पायथ्याशी दीपगृह असून तेथून वर जाण्यास वाट आहे. माथ्यावरून खाडीचे मुख, रेवदंड्याचा किनारा व पलीकडील माडांच्या रांगा एका दृष्टिक्षेपात येतात. पावसाळ्यात दगड निसरडे होतात व तटाकाठचे गवत कमरेएवढे वाढते. दिवाळीनंतरचे दिवस त्यापेक्षा सोयीचे. पिण्याचे पाणी सोबत न्यावे.